सहा चाळीसची तिगुन

शास्त्रीय संगीताच्या मध्यमा प्रथम परीक्षेचा शास्त्राचा, म्हणजे लेखी, पेपर मी दोनदा दिला. पहिल्यांदा नापास झालो, दुसऱ्यांदा पास. मधल्या काळात दोन वह्या भरल्या, एक केळीची बाग कापून झाली आणि घरच्यांनी बरंच ऐकवलं. गळा आहे, हात चालतो, पण शास्त्राचं पुस्तक उघडलं की झोप येते, अशी माणसं आमच्याकडे गावोगाव आहेत. भजनी मंडळातला निम्मा तरुण वर्ग तसाच आहे. त्यांच्यापैकी कुणी परीक्षेचा फॉर्म भरायच्या विचारात असेल तर त्याला उपयोग होईल म्हणून झालं तसं लिहितो.

गाव यावल तालुक्यात, घरची केळी. वडील मंडळात पेटी वाजवतात, मी त्यांच्याकडे बघून शिकलो. शाळेत असताना, २००७ पर्यंत, संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या पहिल्या तीन परीक्षा दिल्या होत्या, मध्यमा प्रथम ही चौथी. प्रारंभिक आणि प्रवेशिका प्रथम या दोन्हींत शास्त्र तोंडीच विचारतात, त्यामुळे निभावलं. लेखी पेपर सुरू होतो प्रवेशिका पूर्णपासून. तो मी चक्क पाठ करून दिला होता. ‘नाद म्हणजे काय’ याचं उत्तर पाठ, ‘सप्तक म्हणजे काय’ पाठ. काही कळत नव्हतं, पण अक्षर चांगलं होतं. मग बारावी, शेती, लग्न, आणि गाणं राहिलं ते एकादशीच्या भजनापुरतं.

जून २०२२ मध्ये परत सुरुवात केली. मुक्ताईची पालखी पंढरपूरच्या वाटेवर होती, वडील दिंडीत गेलेले, घरात जरा शांतता. मी भुसावळला एका बाईंकडे गेलो. शाळेतून निवृत्त झालेल्या संगीत शिक्षिका, वय सत्तरीच्या जवळ. फी महिन्याला ५०० रुपये, आठवड्यातून दोन संध्याकाळी. गावाहून जाऊन-येऊन पेट्रोल दर खेपेला शंभराच्या आसपास, म्हणजे फीपेक्षा रस्ताच महाग. माझ्या बॅचला सहा जण होते. पाच शाळेतली पोरं आणि एकतीस वर्षांचा मी. पहिल्याच दिवशी मी ‘काका’ झालो.

बाईंनी पेटी पुढं सरकवली. “कोणत्या पट्टीत गातोस?”

“काळी एक,” मी म्हणालो, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी माझा सा.

“बरं. कोमल गंधार दाखव.”

गंधार म्हणजे ग, कोमल म्हणजे जरा उतरलेला. मी पटकन एका काळ्या पट्टीवर बोट ठेवलं. आठवीतली एक मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. बाई हसल्या नाहीत. “हा तुझा रिषभ आहे,” म्हणाल्या, म्हणजे रे.

माझा गोंधळ साधा होता, आणि पेटीवरून शिकलेल्या बहुतेकांचा तो असतो असं मला आता वाटतं. लहानपणी पांढरी एक धरून सा-रे-ग-म शिकवतात. त्या पट्टीत सातही शुद्ध स्वर पांढऱ्यांवर येतात आणि कोमल-तीव्र (तीव्र म्हणजे जरा चढवलेला म) काळ्यांवर. डोक्यात पक्कं बसतं की काळी म्हणजे कोमल. पण काळी एकला सा धरला की सगळं फिरतं. सा, रे, म, प, ध काळ्यांवर, ग आणि नी तेवढे पांढऱ्यांवर. आणि चार कोमल, एक तीव्र असे पाचही विकृत स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर! वीस वर्षं मी याच पट्टीत वाजवत होतो. बोटांना सगळं माहीत होतं. मला विचारलं असतं तर मी उलटं सांगितलं असतं.

त्या संध्याकाळी बाईंनी दुसरं काही शिकवलं नाही. बाराही पट्ट्या एकेक करून सा धरायच्या आणि कोमल गंधार कुठं येतो ते तोंडानं सांगायचं, एवढंच. सा पासून तिसरी पट्टी, काळी-पांढरी न बघता. घरी येताना तापीच्या पुलावर गाडी थांबवून मी मनातल्या मनात मोजत होतो. हे करायला एक रुपया लागत नाही. पुस्तक घेण्याआधी हे करा.

पुस्तकाचं सांगतो. मी घाईनं जळगावहून एक हिंदी गाइड आणलं, १८० रुपयांना. मग कुणीतरी दुसरं एक जुनं मराठी पुस्तक दिलं. दोन्ही एकदम वाचायला लागलो, आणि तिथंच माती खाल्ली. कशी ते पुढं येईल.

पहिले सहा महिने व्याख्या. आमच्या घरात लेवा गणबोली, शाळेत पुस्तकी मराठी, आणि शास्त्राची भाषा तिसरीच. ‘रंजयति इति रागः’ इथपर्यंत ठीक. पण ‘वादी म्हणजे रागातील राजा, संवादी म्हणजे मंत्री’ हे वाक्य मी वहीत दहा वेळा लिहिलं तरी राजा काय करतो ते कळेना. आई रात्री दिवा बघून विचारायची, “रातच्याले काय लिवत बसतो रे?” वडिलांचं मत त्याहून स्पष्ट होतं. “पेटीले कधी कागद लागते का?”

राजा काय करतो ते बाईंनी एका संध्याकाळी दाखवलं. भूप रागात पाच स्वर, सा रे ग प ध. मला म्हणाल्या, गात राहा, पण प्रत्येक वेळी फिरून गंधारावर ये, तिथं बस. मी गायलो. मग म्हणाल्या, आता हेच पाच स्वर, पण वरच्या अंगानं जा आणि धैवतावर बस. दोन मिनिटांत खोलीतली हवाच वेगळी झाली. स्वर एकही बदलला नव्हता. “हा देशकार,” बाई म्हणाल्या. “भूपाचा वादी गंधार, थाट, म्हणजे ज्या सात स्वरांच्या साच्यात राग बसवतात तो, कल्याण. देशकाराचा वादी धैवत, थाट बिलावल. आता लिही.” ते उत्तर मला पाठ करावं लागलं नाही. आजही लागत नाही.

सगळंच असं उलगडलं असतं तर पहिल्यांदाच पास झालो असतो. बऱ्याच गोष्टी मी ‘नंतर बघू’ म्हणून सोडल्या, त्यात लयकारी, म्हणजे तालाचे बोल दुप्पट-तिप्पट वेगानं बसवणं, होती.

उन्हाळी सत्राचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा बाईंनी जुनं प्रमाणपत्र मागितलं. मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. पुढची परीक्षा द्यायची तर मागच्या परीक्षेचं प्रमाणपत्र जोडायचं होतं. ते माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सापडलं, एक कोपरा वाळवीनं खाल्लेला, पण क्रमांक शाबूत. त्यावर माझं नाव एका स्पेलिंगनं, आधार कार्डावर दुसऱ्या. चूक आमचीच, शाळेत असताना मीच तसं लिहून दिलं होतं. बाई म्हणाल्या, मागच्या प्रमाणपत्रावर जसं आहे तसंच पुढं चालू ठेवायचं की दुरुस्ती करून घ्यायची, हे फॉर्म भरण्याआधी केंद्रावर बोलून घे, नंतर नाही. दोन खेपा त्यात गेल्या. फोटो, झेरॉक्स, सही. परीक्षेच्या फीचा आकडा देत नाही, कारण तो बदलत असतो. केंद्रावर विचारा आणि पावती जपून ठेवा. अभ्यासक्रमाचंही तसंच. कोणत्या वर्षाला काय आहे ते चालू पुस्तिकेत बघा, आमच्यासारख्यांच्या आठवणीवर जाऊ नका.

मे २०२३. भुसावळचा मे कसा असतो ते खानदेशी माणसाला सांगायला नको. सकाळी नवालाच रस्ते ओस. वर्गातला पंखा फिरत होता की नाही ते वर बघितल्याशिवाय कळत नव्हतं. बाक शाळेचा, माझे गुडघे वर. शेजारी ती आठवीतली मुलगी, आता नववीत गेलेली, पट्टी-पेन्सिल मांडून बसली होती. मी पट्टी आणली नव्हती. ताल लिहायला पट्टी लागते, हे लक्षात ठेवा.

पेपर हातात आला तेव्हा वाटलं, जमेल. चरित्र आलं होतं, थाट आले होते, समान स्वरांच्या दोन रागांची तुलना आली होती, स्वरलिपी, म्हणजे गाणं खुणांनी कागदावर लिहायची रीत, आली होती. आणि झपताल एका आवर्तनात, म्हणजे तालाच्या एका फेऱ्यात, तिगुन करून लिहा असं होतं.

प्रात्यक्षिक दुसऱ्या दिवशी झालं, ते चांगलं गेलं. परीक्षकांनी हातावर ताल धरून ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, म्हणायला लावला, स्वर ओळखायला लावले. बाहेर आलो तेव्हा मी जवळजवळ निर्धास्त होतो.

निकाल यायला तीनेक महिने लागले. ऑगस्टमध्ये बाईंचा फोन आला. त्यांनी इकडचं-तिकडचं बोलून घेतलं, पाऊस कसा आहे विचारलं, तेव्हाच मी समजलो. प्रात्यक्षिकात चांगले गुण, शास्त्रात नापास. दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. ती मुलगी पहिल्या श्रेणीत पास होती. तिनं मला पेढा दिला आणि “काका, तुम्ही गाता किती भारी” असं म्हणाली. त्या वयाच्या पोरीनं आपल्याला सांभाळून घ्यावं, याचं जरा जास्तच लागलं. तीन आठवडे मी क्लासला गेलो नाही. कारण सांगितलं, शेतात काम आहे.

परत गेलो तेव्हा बाईंनी मला मे महिन्यातला पेपर आठवून पुन्हा लिहायला लावला. तुम्ही नापास झालात तर हे नक्की करा, फार जड जातं पण करा. त्यातून तीन भोकं दिसली.

पहिलं भोक, स्वरलिपी. मी दोन पुस्तकांतून भातखंडे आणि पलुस्कर या दोन संगीतपंडितांच्या दोन पद्धती गिळल्या होत्या आणि उत्तरात त्यांची मिसळ केली होती. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं). पलुस्कर पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र! तार दाखवायला तिथं डोक्यावर उभी रेघ. आणि भातखंडेंकडे हीच उभी रेघ मध्यमावर आली की तो तीव्र मध्यम. कोमल स्वराला भातखंडे खाली आडवी रेघ देतात, पलुस्कर हलन्तासारखी खूण. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, एकीकडं गुणिलेचं चिन्ह, दुसरीकडं १. खालीला, म्हणजे जिथं टाळी न देता हात मोकळा सोडतात त्या मात्रेला, एकीकडं शून्य, दुसरीकडं अधिकचं चिन्ह. माझ्या उत्तरपत्रिकेत सम भातखंडेंची होती, कोमल पलुस्करांचा, आणि टिंबं कुणाची ते देवाला माहीत. ते तपासणाऱ्याला माझी बंदिश तळघरातून गच्चीवर उड्या मारताना दिसली असणार. यावर उपाय म्हणजे एकच पद्धत धरायची, उत्तराच्या वर तिचं नाव लिहायचं आणि खुणांची छोटी सूची पहिल्या ओळीत द्यायची. मी भातखंडे धरली. दुसरं पुस्तक कपाटावर ठेवून दिलं.

दुसरं भोक भूपाच्या वेळेचं. तुलनेत मी लिहून आलो होतो की भूप सकाळी गातात. राग भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, सकाळचा तो देशकार. ही चूक का झाली ते मला दोन महिन्यांनी, कार्तिकात, काकड्याच्या वेळी कळलं. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आमच्या देवळात पहाटे काकडआरती असते. धुकं, घोंगड्या, पेटीच्या भात्याला थंडीनं कुरकुर. वडील म्हणाले, “चाल, भूपाळी घे.” मी सुरावर बोट ठेवलं आणि तिथंच थांबलो. भूपाळी! लहानपणापासून पहाटे जे म्हणतो ते भूपाळी. म्हणून डोक्यात भूप म्हणजे पहाट. भूपाळी हा देवाला उठवायच्या पदांचा प्रकार, आणि ती पदं सगळी भूप रागातच असतात असंही नाही. नावाची सावली नावावर पडलेली, दुसरं काही नाही. वडिलांनी खाकरून इशारा दिला तेव्हा मी वाजवायला लागलो.

बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, दरवर्षी एक तरी भजनी माणूस ही चूक करतो.

तिसरं आणि मोठं भोक तिगुनचं. आता जरा सविस्तर सांगतो, कारण इथंच सगळ्यांची गाडी अडते.

झपताल दहा मात्रांचा, मात्रा म्हणजे एक ठोका. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. तिगुन म्हणजे एका मात्रेत तीन बोल. मी पेपरात पहिल्या मात्रेपासून तीन-तीन बोल भरत गेलो. चौथ्या मात्रेत बोल संपले. मग पुन्हा पहिल्यापासून भरले. असं करत तीन आवर्तनं लिहिली. ती चूक नव्हे, पण विचारलं होतं वेगळं. एका आवर्तनात तिगुन म्हणजे ठेका एकदाच तिगुनीत म्हणायचा आणि बरोबर समेवर यायचं. म्हणजे सुरुवात मधेच कुठूनतरी करायची. कुठून? गाइडात सूत्र होतं. मात्रा भागिले पट, ते मात्रांतून वजा. दहा भागिले तीन, तीन पूर्णांक एक तृतीयांश. दहातून वजा, सहा पूर्णांक दोन तृतीयांश. गणित मला येत होतं. पण सहा पूर्णांक दोन तृतीयांश मात्रा म्हणजे हात कुठं असायला हवा, ते दिसत नव्हतं. बाईंनी तीनदा समजावलं, त्या मुलीनं दोनदा. मी मान हलवायचो.

ऑक्टोबरमध्ये पाऊस गेला आणि बागेला पाणी सुरू झालं. त्या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची लाइट होती, सकाळी दहाला जायची. ठिबकचे पाच व्हॉल्व्ह, प्रत्येकाला चाळीस मिनिटं. रात्री जागून बसायचं नव्हतं, म्हणून मी हिशेब करत होतो की मोटर उशिरात उशिरा कधी चालू केली तर दहाच्या आत पाचही व्हॉल्व्ह होतील. पाच चोक वीस, दोनशे मिनिटं. तीन तास वीस मिनिटं. दहातून वजा. सहा चाळीस.

स्टार्टरच्या पेटीजवळ उभा होतो. तीन तास वीस मिनिटं म्हणजे तीन पूर्णांक एक तृतीयांश तास. सहा चाळीस म्हणजे सहा पूर्णांक दोन तृतीयांश. दहा म्हणजे सम. लाइट जायच्या ठोक्याला काम संपलं पाहिजे, म्हणून सुरुवात मागून मोजायची.

सहा वाजून गेलेत, सातवा तास चालू आहे, त्यातली चाळीस मिनिटं, म्हणजे तीनपैकी दोन भाग, मी रिकामा बसलोय. तिसऱ्या भागात मोटर सुरू. तसंच सातव्या मात्रेत दोन जागा रिकाम्या आणि तिसऱ्या जागी पहिला धी. आठवीत ना धी धी. नववीत ना ती ना. दहावीत धी धी ना. आणि सम. मी मोबाइलच्या उजेडात खताच्या पावतीमागं ते लिहून काढलं आणि बोल मोजले. एक, तीन, तीन, तीन. दहा.

मग रात्री साडेअकराला बागेत एकटाच हातावर झपताल धरून म्हणत बसलो. शेजारच्या बागेतला सालदार टॉर्च घेऊन बघायला आला. “काय झालं भो?” म्हणाला. त्याला काय सांगणार. ये म्हटलं, बस, तंबाखू मळ.

दुसऱ्या दिवशी बाईंना घड्याळ दाखवलं. त्यांनी विचारलं, “चौगुन?” दहा भागिले चार, अडीच तास. साडेसातला मोटर. आठव्या मात्रेचा अर्धा भाग रिकामा, मग धी ना. नववीत धी धी ना ती. दहावीत ना धी धी ना. “एकतालाची तिगुन?” बाराला लाइट जाते, चार तास लागतात, आठला मोटर. पूर्ण आकडा आला, म्हणून एकताल सोपा. बाई गालातल्या गालात हसत होत्या. म्हणाल्या, चाळीस वर्षांत ही रीत कुणी सांगितली नव्हती. मला वाटतं त्या मला बरं वाटावं म्हणून तसं म्हणाल्या.

याला जोडून एक व्यवहारातली गोष्ट. लयकारीचा सराव गणिताच्या चौकटीच्या वहीत करा. मी आणली ती चाळीस रुपयांची होती. एक चौकट म्हणजे एक मात्रा, तिगुन असेल तर चौकटीत तीन बारक्या रेघा. रेघी वहीत बोल घसरतात आणि विभागाची उभी रेघ कुठंतरी भलतीकडं पडते.

बाकीचं भराभर झालं, कारण आता मी प्रत्येक गोष्टीला आपल्या ओळखीचं काय आहे ते शोधायला लागलो होतो. एका थाटातून ४८४ राग कसे निघतात हे गाइडात नऊ ओळींच्या तक्त्यात होतं, संपूर्ण-संपूर्ण, संपूर्ण-षाडव असं (संपूर्ण म्हणजे सात स्वर, षाडव म्हणजे सहा). मी ते वेगळं मांडलं. सा सोडता येत नाही. उरलेल्या सहांतून एकही न सोडता एक आरोह, एक स्वर सोडून सहा, दोन सोडून पंधरा. बावीस आरोह. तसेच बावीस अवरोह. बावीस गुणिले बावीस, ४८४. जुने ग्रंथकार व्यंकटमखी यांचे मेळ, म्हणजे थाटच, ७२. त्या सगळ्यांचे मिळून ३४,८४८. बाई म्हणाल्या, “आणि गाणारे त्यातले गातात किती?”

चरित्रांचा घोळही असाच मिटला. पलुस्कर आणि भातखंडे, दोघं विष्णू, दोघांचा जन्म ऑगस्टमधला, त्यामुळे मी तारखांची अदलाबदल करायचो. भातखंडे १० ऑगस्ट १८६०, पलुस्कर १८ ऑगस्ट १८७२. मग मी तारखांऐवजी माणसं लक्षात ठेवली. एक कुरुंदवाडचा मुलगा, फटाक्यानं डोळे गेलेला, ज्यानं ५ मे १९०१ ला पार लाहोरात जाऊन गांधर्व महाविद्यालय काढलं. दुसरे मुंबईचे वकील, जे गावोगावच्या घराणेदार गवयांकडून बंदिशी उतरवून घेत फिरले आणि ज्यांनी दहा थाट मांडले. भातखंडेंनी मोठे ग्रंथ मराठीत लिहिले, हे ऐकून मला माझं १८० रुपयांचं हिंदी गाइड आठवलं.

एक गोष्ट मात्र मला अजून कळलेली नाही. श्रुती, म्हणजे सप्तकातले स्वरांचे बारीक टप्पे. ‘चतुश्चतुश्चतुश्चैव’ हा श्लोक येतो. सा, म, प यांना चार-चार, रे, ध यांना तीन-तीन, ग, नी यांना दोन-दोन. एकूण बावीस. मोबाइल नंबरासारखं ४३२४४३२ असं पाठ आहे. जुने ग्रंथकार स्वर शेवटच्या श्रुतीवर ठेवतात म्हणून सा चौथीवर, भातखंडे पहिलीवर ठेवतात म्हणून सा पहिलीवर, हेही लिहिता येतं. पण कानाला ऐकू येत नाही. पेटीवर तर त्या नाहीतच. बाई तानपुऱ्यावर दाखवतात तेव्हा कधी वाटतं आलं, कधी वाटतं मला बरं वाटावं म्हणून मीच हो म्हणतोय.

त्यावर त्यांनी मला तारेचा प्रयोग करायला सांगितला, पुढच्या परीक्षांत उपयोगी पडेल म्हणून. एक फळी, दोन खिळे, दोन बारीक लाकडी घोड्या, मधे ३६ इंच मोकळी तार. जुने ग्रंथकार पंडित श्रीनिवास यांनी वीणेच्या तारेवर स्वरांच्या जागा अशाच मोजून दिल्या आहेत. ३६ इंच वाजली तो सा. बरोबर निम्म्यावर, १८ इंच ठेवली की तार सा. २४ इंच ठेवली की प, २७ इंच ठेवली की म. मी टेपनं मोजून २४ वर खूण केली, तिथं घोडी सरकवून तार छेडली. पंचम! वडील ओट्यावर बसले होते. उठून आले, स्वतः टेप लावून पाहिला, पुन्हा छेडली. काही बोलले नाहीत. पण नंतर दोनदा बघितलं, आल्या-गेल्याला ती फळी दाखवत होते.

दुसरा पेपर डिसेंबर २०२३ मध्ये दिला. या वेळी पट्टी होती, पेन्सिल होती, आणि पेटीच्या दुरुस्तीवर २,२०० रुपये घातल्यामुळे प्रात्यक्षिकाची तयारीही बरी होती. लयकारीला तीनताल आला. सोळा भागिले तीन, पाच तास वीस मिनिटं, दहा चाळीसला मोटर. म्हणजे अकरावी मात्रा, दोन जागा रिकाम्या. लिहून झाल्यावर बोल मोजले, मग पुन्हा मोजले. तुलनेच्या प्रश्नात भूपाची वेळ लिहिताना हात क्षणभर थांबला. रात्रीचा पहिला प्रहर असं लिहून खाली रेघ मारली. एक व्याख्या सुटली, एका थाटाचे स्वर चुकले, ते बाहेर आल्यावर कळलं.

निकालाला पुन्हा तीन महिने. मार्चमध्ये फोन आला तेव्हा बाईंनी पावसाबद्दल विचारलं नाही. द्वितीय श्रेणी. प्रमाणपत्र हातात यायला आणखी थोडे दिवस गेले. ते घ्यायला जाताना जुनी पावती लागली. नाव नीट तपासलं, स्पेलिंग बरोबर होतं. दोन झेरॉक्स काढल्या आणि मूळ प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घातली, वाळवीचा अनुभव होताच.

एकूण खर्च वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे. वीस-बावीस महिन्यांची फी अकरा हजारांच्या आत, पेटी, पुस्तकं, वह्या मिळून अडीच हजार, आणि पेट्रोल सगळ्यांपेक्षा जास्त, ते बायकोला दाखवलेलं नाही.

ती मुलगी आता दहावीत आहे, मध्यमा पूर्णची तयारी करते. परवा रात्री तिचा मेसेज आला. “काका, धमारची तिगुन किती वाजता?”

चौदाला लाइट जाते, चार तास चाळीस मिनिटं लागतात. मी नऊ वीस असं उत्तर पाठवलं आणि व्हॉल्व्ह बदलायला उठलो.